पंचगंगेचा आकडा निर्णयापर्यंत कसा न्यावा: पाणी मोजणाऱ्या संशोधकांसाठी

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या पाण्यावरचे प्रबंध कॉलेजांच्या कपाटांत बरेच पडून आहेत. त्यांतले आकडे बरोबर असतात, पद्धतही ठीक असते. तरी बंधाऱ्यावर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी घालायचे, राधानगरी धरणातून पाणी किती सोडायचं, कुठला नाला आधी अडवायचा हे ज्या बैठकीत ठरतं तिथं त्यातला एकही आकडा नसतो. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. आकडा उशिरा पोचतो, नको त्या टेबलावर पोचतो किंवा समोरच्याला न कळणाऱ्या एककात पोचतो. ही तिन्ही कामं संशोधकाच्या हातातली आहेत आणि ती शिकता येतात. खाली उदाहरण नदीच्या पाण्याचं घेतलंय, पण भूजल, जंगल, गौण खनिज, पूररेषा यांनाही वाट हीच आहे.

निर्णय कुणाचा आणि कधीचा, हे आधी

नमुना घेण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणता निर्णय बदलायला हवा, तो कुणाच्या सहीनं होतो, आणि ती सही कोणत्या महिन्यात होते. हा कागद लिहिता येत नसेल तर बाटल्या धुवायला घेऊ नका.

बरगे, धरणातून सोडायचं पाणी आणि उपसाबंदी (नदीतून मोटरीनं पाणी उपसायला बंदी) हे जलसंपदा खात्याचं काम. रोजचा माणूस कार्यकारी अभियंता. १५ ऑक्टोबरला धरणात असलेल्या साठ्यावर पुढच्या हंगामाचं पाणी वाटप आखलं जातं आणि ते पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या कालवा सल्लागार समितीपुढं येतं. म्हणजे उन्हाळ्यात नदीत थोडं जास्त पाणी हवं असेल तर तुमचं टिपण ऑक्टोबरच्या सुरुवातीला टेबलावर पाहिजे. एप्रिलमध्ये मासे मेल्यावर दिलेलं निवेदन पुढच्या वर्षीसाठी उपयोगी पडेल, या वर्षीचं पाणी तोवर वाटून झालेलं असतं.

शहरातलं सांडपाणी महापालिकेचं, नदीकाठच्या गावांचं ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचं. दोन्हीकडं पैसा अंदाजपत्रकातून येतो. फेब्रुवारीत आकडे जुळवणं चालू असताना नवी मागणी कुणी घेत नाही, नोव्हेंबरात घेतात. साखर कारखाने, इचलकरंजीचे कापड प्रोसेस करणारे कारखाने, फाउंड्री यांच्या सांडपाण्याच्या अटी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात असतात. संमतीपत्राला मुदत असेल तर अट बदलायची खरी संधी नूतनीकरणाच्या वेळी असते. ती तारीख शोधून ठेवा.

नवा प्रकल्प असेल तर १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी होते. तिची किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. केंद्राची मसुदा अधिसूचना निघाली की हरकतींना ६० दिवस. हे दिवस कमी वाटतात आणि खरंच कमी असतात. म्हणून मोजमाप आधीच चालू असावं लागतं. जाहिरात आल्यावर सुरू केलेला अभ्यास एका ऋतूचाही होत नाही.

प्रश्न बारीक करा

‘पंचगंगा किती प्रदूषित आहे?’ या प्रश्नावर कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. ‘मार्च ते मेमध्ये बरगे घातलेले असताना राजाराम बंधाऱ्याच्या वर किती पहाटे प्राणवायू ४ मिलिग्रॅमच्या खाली जातो?’ यावर करू शकतो, कारण यात जागा आहे, काळ आहे, मर्यादा आहे आणि बरगे हलवता येतात.

मर्यादा स्वतः ठरवू नका, चालू असलेली घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू किमान ५, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू) कमाल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि एकूण कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत चालतात. शुद्धीकरण करून पिण्यासाठी घ्यायच्या पाण्याला प्राणवायू किमान ४, बीओडी कमाल ३, कोलिफॉर्म ५,०००. मासे आणि जलचरांसाठी प्राणवायू किमान ४ आणि मुक्त अमोनिया कमाल १.२. शेतीसाठी विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) २,२५० मायक्रोसीमेन्सच्या आत. कोणती मर्यादा लावली ते टिपणात पहिल्यांदा लिहा. शेतकऱ्याच्या पाण्याला आंघोळीची मर्यादा लावली की समोरचा तिथंच फाईल मिटतो आणि ते त्याचं बरोबरच असतं.

ठिकाणं

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात ते प्रयाग चिखली. इथं नदी अजून शहरात आलेली नाही, हा तुमचा तुलनेचा नमुना. मग पंचगंगा घाट, जयंती नाल्याच्या मुखाच्या वर आणि खाली, राजाराम बंधाऱ्याच्या वर आणि खाली, रुकडी, इचलकरंजीच्या वर आणि खाली, तेरवाड बंधारा, आणि कृष्णेला मिळण्याआधी नृसिंहवाडी. दहा-अकरा ठिकाणं होतात. दोन माणसं आणि एक दुचाकी असेल तर एवढी सगळी एका पहाटेत जमत नाहीत. तेव्हा ठिकाणं सहा करा पण फेऱ्या जास्त करा. एकाच फेरीत वीस ठिकाणं मोजलेल्या अभ्यासापेक्षा पाच ठिकाणी पंधरा पहाटे मोजलेला अभ्यास बैठकीत टिकतो.

‘वर आणि खाली’ यात कंजूषी नको. नाल्याच्या फक्त खाली मोजलं की नालेवाले म्हणतात पाणी वरूनच खराब येतं, आणि तुमच्याकडं उत्तर नसतं. खालचा नमुना नाल्याच्या तोंडाशी घेऊ नका. पाणी मिसळायला अंतर लागतं. पात्रात आडवे तीन ठिकाणी वाहकता मोजा. तिन्ही वाचनं जवळजवळ सारखी आली की मिसळ झाली, तिथं घ्या.

पहाटेची बाटली

सगळ्यात जास्त चूक इथं होते. उन्हाळ्यात बरग्यांमागं तुंबलेल्या पाण्यात शेवाळ असतं. दिवसा ऊन असतं तोवर ते प्राणवायू सोडतं, रात्रभर ओढून घेतं. सकाळी अकराला ऑफिसच्या वेळेत घेतलेल्या नमुन्यात ७ मिलिग्रॅम दिसतात, आणि त्याच जागी पहाटे साडेपाचला मासे तोंडं वर काढून पाणी चाटत असतात. दोन्ही आकडे खरे असतात. पण मासा पहाटेच्या आकड्यावर मरतो. म्हणून किमान महत्त्वाच्या ठिकाणी सूर्योदयाआधी एक आणि दुपारी तीनला एक, असे दोन नमुने घ्या आणि वेळ मिनिटासकट लिहा. ३० अंश तापमानाला पाण्यात साधारण ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. दुपारी १० आला तर आनंद मानू नका. ते शेवाळाचं लक्षण आहे, आणि त्याच जागेची पहाट तपासायलाच हवी.

मीटर वापरत असाल तर रोज सकाळी कॅलिब्रेट करा आणि दर दहा नमुन्यांमागं एक विंकलर पद्धतीनं, म्हणजे रसायनं घालून प्राणवायू मोजून, तपासा. नुसत्या मीटरच्या आकड्यावर ‘तुमचं मशीन चुकलंय’ एवढं म्हटलं की चर्चा संपते. विंकलरसाठी ३०० मिलिलिटरची, घासीव काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भरा. बुडबुडा राहिला तर ओता आणि पुन्हा भरा. पिपेटचं टोक पाण्याच्या आत ठेवून २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, मग २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-ॲझाइड घाला, बूच लावा, पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढरा राहिला तर त्या पाण्यात प्राणवायू नाही. (या पांढऱ्या साक्याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवा. रसायनशास्त्र न शिकलेल्या सरपंचालाही तो एका नजरेत कळतो.) साका अर्ध्यावर बसला की २ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घालून हलवा. एवढं नदीवरच करायचं. पुढचं टायट्रेशन अंधारात ठेवलेल्या बाटलीचं काही तासांत प्रयोगशाळेत चालतं: २०३ मिलिलिटर घ्या, ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट सोडा, रंग गवती पिवळा झाल्यावर स्टार्च घाला, निळा रंग गेला की थांबा. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर.

पाणी खोल असेल तर पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर एक आणि तळाच्या अर्धा मीटर वर एक, असे दोन थर घ्या. बरग्यांमागं तळाशी काळं पाणी साचतं. पहिल्या वळवानं किंवा बरगे एकदम काढल्यानं ते ढवळून खाली जातं, तेव्हा तेरवाडकडं मासे तरंगतात. फक्त वरचा थर मोजणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही.

बीओडीसाठी भारतीय मानक पद्धत २७ अंशांवर ३ दिवसांची आहे. जुन्या पुस्तकांत २० अंशांवर ५ दिवस असतात. कोणती वापरली ते प्रत्येक तक्त्यावर लिहा, नाहीतर मंडळाच्या आकड्याशी तुमचा आकडा लावताच येत नाही. बाटल्या बर्फाच्या पेटीत आणा आणि त्याच दिवशी चाचणीला लावा. शेवटी बाटलीत किमान १ मिलिग्रॅम प्राणवायू उरला पाहिजे आणि किमान २ खर्च झाला पाहिजे. तसं नसेल तर सौम्यीकरण (नमुन्यात शुद्ध पाणी मिसळायचं प्रमाण) चुकलं, तो आकडा टाकून द्या. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक हवी. क्लोरिन घातलेल्या पाण्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर क्लोरिन वाटेतच जंतू मारतो आणि शुद्धीकरण केंद्राचं पाणी आहे त्याहून चांगलं दिसतं.

कारखान्याच्या पाइपातून स्वतः नमुना घेऊ नका

उत्साहात अनेक जण इथं अडकतात. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणं सांडपाण्याचा नमुना न्यायालयात चालायला हवा असेल तर तो मंडळाच्या अधिकाऱ्यानं, मालकाला नोटीस देऊन, दोन भाग करून, दोघांच्या सहीनं सील केलेला असावा लागतो. तुमची बाटली तिथं पुरावा होत नाही. वर दुसऱ्याच्या जागेत शिरल्याची तक्रार तुमच्यावर होते. नदी सार्वजनिक आहे, काठावरून वर-खाली मोजा. फरक दिसला की मंडळाला लिहा: ‘या दोन ठिकाणांमध्ये बीओडी इतक्यानं वाढते, मधल्या निचऱ्यांचे कलम २१ खाली नमुने घ्यावेत.’ कुठं आणि कोणत्या वेळी नमुना घ्यायचा हे दाखवणं हे तुमचं काम. तेवढंही आज कुणी नीट दाखवत नाही.

मंडळाचे आधीचे निष्कर्ष आणि संमतीपत्रातल्या अटी मागायला माहिती अधिकाराचा अर्ज आहे: १० रुपये, ३० दिवस. ‘नदी का घाण झाली?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. ‘जानेवारी ते मे या काळात अमुक ठिकाणी घेतलेल्या नमुन्यांच्या विश्लेषण अहवालांच्या प्रती’ असं विचारा.

प्रवाह मोजल्याशिवाय परत येऊ नका

मिलिग्रॅमवर धोरण ठरत नाही, किलोवर ठरतं. १ एमएलडी (दिवसाला दहा लाख लिटर) पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे दिवसाला १ किलो. हा गुणाकार बहुतेक प्रबंधांत नसतो, कारण प्रवाह मोजलेला नसतो.

नाल्याचा प्रवाह मोजायला दोर, काठी, घड्याळ आणि लिंबू पुरतं. सरळ, दगड नसलेला १० मीटरचा पट्टा निवडा. रुंदी मोजा, दर अर्ध्या मीटरला खोली घ्या, सरासरी काढा. लिंबू पट्ट्याच्या जरा वर सोडा, पाच वेळा वेळ लावा. पृष्ठभागावरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात जातं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुणा. समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, वेग सेकंदाला ०.५ मीटर आला. ४ × ०.४ × ०.५ × ०.८५ = ०.६८ घनमीटर प्रति सेकंद. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे ८६.४ एमएलडी, म्हणून हा नाला सुमारे ५८.७५ एमएलडीचा. बीओडी ६० असेल तर दिवसाला ३,५२५ किलो. सकाळी सातला घराघरांतून पाणी सुटतं तेव्हाचा आणि दुपारचा प्रवाह वेगळा असतो, म्हणून दिवसातून किमान चार वेळा मोजा.

आता हाच आकडा जलसंपदाच्या भाषेत न्या. तिथं क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) आणि टीएमसी (अब्ज घनफूट) चालतात. १ क्युसेक म्हणजे २.४४७ एमएलडी. नदीत वरून १०० क्युसेक येतात आणि त्यांचा बीओडी २ आहे असं धरू. हा नाला मिसळल्यावर बीओडी होतो १३.२. पाणी ५०० क्युसेक सोडलं तर ४.७. आणि मर्यादेत, म्हणजे ३ वर, आणायला सुमारे १,३७० क्युसेक सतत सोडावे लागतील. दिवसाला जवळजवळ ०.१२ टीएमसी. राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी. भरलेलं अख्खं धरण या एका नाल्यापायी सत्तर दिवसांत रिकामं होईल.

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या नाल्याचे घालून बघा. पण या चार ओळींनी बैठकीतला सूर बदलतो. ‘पाणी सोडा’ ही मागणी किती महाग आहे ते अभियंत्याला त्याच्या भाषेत दिसतं, आणि नाला अडवून शुद्धीकरण केंद्रात वळवणं स्वस्त आहे हे आयुक्तांना दिसतं. पाणी सोडून घाण नदीच्या खालच्या बाजूला शिरोळकडं ढकलणं हा उपाय आम्ही मानत नाही. मासे मरायला लागले असताना चार दिवस ५०० क्युसेक सोडणं मात्र परवडतं: ते जेमतेम ०.१७ टीएमसी, राधानगरीच्या सुमारे २ टक्के. तातडीचं आणि कायमचं असं वेगळं मांडलं की दोन्ही मागण्यांना उत्तर मिळतं.

दोन पानांचं टिपण

मराठीत, दोन पानं, त्याहून जास्त नाही. जोडपत्रं किती का असेनात. पहिल्या परिच्छेदात कोणता निर्णय हवा, कुणाकडून, कधीपर्यंत. दुसऱ्यात दोन किंवा तीन आकडे. मग पर्याय, निदान तीन, त्यात ‘काहीच न करणं’ हाही एक. प्रत्येकापुढं खर्च कुणाचा आणि त्रास कुणाला. उपसाबंदीचा दिवस वाढवला की नदीकाठचा ऊस वाळतो हे तुम्ही लिहिलं नाही तर बैठकीत दुसरं कुणीतरी बोलेल आणि मग तुमचं बाकीचं टिपणही एकांगी ठरेल. शेवटी, या मोजमापातून काय सांगता येत नाही.

‘पंचगंगेच्या पाण्याची गुणवत्ता अत्यंत चिंताजनक असून तातडीने उपाययोजना करणे गरजेचे आहे’ हे वाक्य काढून टाका. त्यातून कुणाला काही करता येत नाही. असं लिहा: ‘राजाराम बंधाऱ्याच्या वर, एप्रिलमध्ये मोजलेल्या इतक्या पहाटांपैकी इतक्या पहाटे प्राणवायू ४ मिग्रॅ/लि. च्या खाली होता. सलग दोन पहाटे असे झाल्यास एका वेळी एका गाळ्यातले बरगे काढून पाणी वाहते करावे, व त्याआधी खालच्या गावांना कळवावे.’ सरासरी आणि प्रमाण विचलन जोडपत्रात ठेवा. ‘पंधरापैकी अकरा पहाटे’ हे सगळ्यांना कळतं आणि त्यात अनिश्चितताही आपोआप दिसते.

टिपण संस्थेच्या लेटरहेडवर, प्राचार्य किंवा विभागप्रमुखांच्या परवानगीनं पाठवा. एकट्याच्या नावानं गेलं की ते ‘एका सरांचं मत’ होतं. विभागानं एखाद्या कारखान्याचं किंवा महापालिकेचं सल्लागाराचं काम घेतलं असेल तर ते पहिल्याच पानावर सांगा. नंतर दुसऱ्यानं सांगितलं तर आकडे खरे असूनही वाया जातात.

मूळ प्रत ज्याची सही हवी त्याला, प्रती जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळाचे प्रादेशिक अधिकारी, आयुक्त आणि जिल्हा परिषदेला. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. साहेब हसून ‘बघतो’ म्हणाले म्हणजे पोच मिळाली असं नाही. अधिकारी बदलून जातात, आवक क्रमांक राहतो, आणि पुढच्या साहेबांपुढं ‘संदर्भ’ म्हणून तोच लिहायचा असतो. वर्तमानपत्राला द्यायचं असेल तर कार्यालयात दिल्यानंतर द्या. सकाळच्या पेपरात वाचून कळलेला आकडा खातं पहिल्यांदा खोडायलाच बसतं.

मोजमाप आणि मत वेगवेगळं ठेवा

पश्चिम घाटाचा कोणता भाग राखायचा हे सुचवणाऱ्या दोन समित्या याचा मोठा धडा आहेत, आणि राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड भागात काम करणाऱ्यानं तो नीट समजून घ्यावा. माधव गाडगीळ समितीनं ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. त्यांनी साधारण ९ × ९ किलोमीटरच्या चौकटी घेऊन सगळ्या घाटाचे तीन संवेदनशील प्रकार केले आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असं म्हटलं. कस्तुरीरंगन समितीनं एप्रिल २०१३ मध्ये उपग्रहाच्या २४ मीटर बारकाईच्या चित्रांवरून नैसर्गिक आणि वस्ती-शेतीचा भाग वेगळा केला आणि सुमारे ३७ टक्के घाट संवेदनशील धरला. दोन्हीकडं शास्त्रज्ञच होते. फरक पडला तो चौकटीच्या आकारात, कशाला ‘घाट’ म्हणायचं यात आणि निर्णय कुणी घ्यायचा यात. यातला काही भाग विज्ञान आहे, काही भाग लोकांनी ठरवायचा आहे. तुमच्या टिपणातही ही रेघ दिसू द्या: ‘मोजलं ते असं’ आणि ‘आम्हाला योग्य वाटतं ते असं’, दोन वेगळ्या परिच्छेदांत.

दुसरा धडा भाषेचा. गाडगीळ अहवाल लोकांपुढं यायला २०१२ उजाडलं, तोही माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर. तोवर गावोगावी ‘घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत’ एवढंच पोचलं होतं. नंतर केंद्रानं काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यांमध्ये बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळू उपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल (सर्वांत प्रदूषणकारी) वर्गातले नवे उद्योग, २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं, ५० हेक्टर आणि त्याहून मोठ्या वसाहती यांवर. एवढं एका पानावर मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणं, हे शास्त्रज्ञाचंच काम आहे. ३१ जुलै २०२४ चा मसुदा धरून २०१४ पासून सहा मसुदे निघाले. हरकत असो की पाठिंबा, गावाचं नाव, गट क्रमांक आणि झाडोरा-पाण्याची नोंद असलेला अर्ज वाचला जातो. ‘आमचा विरोध आहे’ एवढाच अर्ज मोजला जातो.

लोकांना आधीच माहीत असतं

बंधाऱ्यावरचा पाटकरी, मासेमारी करणारे, पहाटे मोटर चालू करायला जाणारा शेतकरी यांना पाणी बिघडल्याचं तुमच्या आधी कळतं. मासे वर तोंड काढायला लागले, पाण्याला मळीचा वास आला, फेस अडला: कुणी, कुठं, किती वाजता पाहिलं ते वहीत लिहा आणि एक फोन नंबर त्यांच्याकडं ठेवा. मासे मेल्याची खबर आली की पहिल्यांदा पाणी घ्या, मासे नंतर. खराब पाणी काही तासांत पुढं निघून जातं. मेलेल्यापेक्षा धडपडणारा मासा घ्या, बर्फात ठेवा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत आणि त्यांची लोकजैवविविधता नोंदवही असते. पुष्कळ नोंदवह्या बाहेरच्या माणसानं घाईत भरलेल्या दिसतात. एका गावाची वही लोकांसोबत बसून, ऋतूप्रमाणं दुरुस्त करून दिली तर पुढच्या जनसुनावणीत तो गावाचा स्वतःचा दस्तऐवज होतो.

पुराबद्दल थोडंच. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूररेषांपैकी निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. दोन वर्षांच्या अंतरानं एवढे पूर आल्यावर जुन्या नोंदींवर काढलेली रेषा तपासली पाहिजे. इथं संशोधकाचं काम म्हणजे भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा पुसायच्या आत लेव्हल (उंची मोजायचं उपकरण) लावून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत नोंदवणं. रंगाचा हात मारला की खूण गेली.

बैठकीत आणि बैठकीनंतर

पाच मिनिटं मिळतात, त्यातली दोन कमी होतात. एक तक्ता, एक नकाशा, एक मागणी. जनसुनावणीत तोंडी बोलाच, पण लेखी प्रत त्याच वेळी देऊन पोच घ्या. शेवटी वाचून दाखवलेल्या नोंदीत तुमचा मुद्दा आला का ते बघा, नसला तर तिथंच उभं राहून घालायला लावा.

बैठकीत मान्य झालेलं इतिवृत्तात आलं नाही तर ते झालंच नाही. आठ दिवसांत इतिवृत्ताची प्रत मागा. त्यात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं असेल तर पुन्हा लिहा आणि आकडा मागा: कोणत्या ठिकाणी, कोणत्या वाचनाला, कोण, किती तासांत काय करणार. आणि निर्णय झाल्यावर मोजणं थांबवू नका. त्याच ठिकाणी, त्याच वेळी, त्याच पद्धतीनं पुढचे दोन उन्हाळे चालू ठेवा. बरगे निघाले आणि जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की त्या पहाटे प्रयाग चिखलीपासून तेरवाडपर्यंत बाटल्या भरायला माणसं आधीच ठरवून ठेवा, कारण ते पाणी वर्षातून एकदाच मिळतं.